ई-सायकलच्या टायरवरचे काटे-काचा उडवणारी तार

हबमोटारवाल्या (म्हणजे चाकाच्या मध्यातच मोटार असलेल्या) सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं की ते काढणं म्हणजे डोकेदुखी: मोटारची वायर सोडवा, जाड नट ढिले करा, वॉशर होते तसेच परत बसवा. बाभळीचा काटा किंवा काचेचा तुकडा बहुतेकदा लगेच आरपार जात नाही. आधी रबरात रुततो, मग चाकाच्या फेऱ्यांबरोबर आत सरकतो. त्याआधीच टायरला टेकलेल्या तारेने त्याला उडवायचं.

१. सायकलवाल्याकडून एक जुना स्पोक मागून घ्या. बहुधा फुकटच देतो.
२. पक्कडीने तो टायरच्या रुंदीइतका वाकवा, टायरच्या गोलाईला धरून. त्या भागावर बारीक रबरी नळी चढवा, म्हणजे खरखर कमी होते.
३. दोन्ही टोकं मडगार्डच्या किंवा ब्रेकच्या बोल्टखाली आवळा.
४. तार टायरला जेमतेम टेकली पाहिजे. चाक हाताने फिरवलं तर नुसती सळसळ ऐकू यावी. चाक अडत असेल तर दाब जास्त आहे.

चाक फिरतं त्याच दिशेला तार झुकलेली हवी, म्हणजे काही अडकलंच तर ती बाहेर ढकलली जाते, आत ओढली जात नाही. खोल खाचांच्या टायरवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही. तिथे जुन्या स्क्रूड्रायव्हरने खाचांतले काटे-काचा कोरून काढणं आलंच.

हे सगळं करताना बॅटरी बंद करून तिची किल्ली काढून ठेवा. चाकात हात असताना चुकून थ्रॉटल (मोटार पळवणारा हँडलवरचा खटका) दाबला गेला, तर बोटं जातील.