मंडळीत बालसुरक्षेचं काम अंगावर पडलेल्यांसाठी

हे काम कुणी मागून घेत नाही, ते अंगावर पडतं. डायोसिसचं, म्हणजे धर्मप्रांताचं, पत्र येतं की प्रत्येक मंडळीने, म्हणजे चर्चने, बालसुरक्षेसाठी एक व्यक्ती नेमावी, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगमध्ये ते वाचलं जातं, सगळे जरा वेळ टेबलाकडे बघतात आणि मग कुणीतरी म्हणतं अहो आपल्या संडे स्कूलच्या टीचर आहेत ना, त्यांनी समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू पण केलंय. झालं. शेवटची प्रार्थना होते, चहा येतो आणि तुम्ही नेमले गेलेले असता. मानधन नाही, खोली नाही, कपाट नाही, आणि कमिटीची मनातून एकच अपेक्षा असते की तुमच्या काळात काही निघू नये.

सोबत एक पीडीएफ मिळते. आमची होती ती इंग्लंडमधल्या कुठल्यातरी पॅरिशची, सेक्रेटरींनी वरचं नाव तेवढं बदललेलं, आत पानोपानी डीबीएस चेक आणि लोकल अथॉरिटी. डीबीएस ही तिकडची सरकारी व्यवस्था आहे, मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणारी, ती आपल्याकडे नाहीच, मग ही पॉलिसी पाळायची कशी तर सही करून फाइलला लावायची. असली फाइल हातात आली तर बाजूला ठेवा आणि मराठीत दोन पानं स्वतः लिहा, आपल्या वॉचमनकाकांनाही वाचून कळतील अशी.

बाकी बेसिक तुम्हाला माहीत असणार. एकट्या मोठ्या माणसाने मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, वर्गाचं दार उघडं, कंपाउंडच्या मागच्या टॉयलेटला लहानांना कोण नेणार ते ठरलेलं, व्हीबीएसच्या, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, व्हॉलंटियर्सची यादी पालकांकडे. त्यात मी वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते एकाच वाक्याबद्दल, जे प्रत्येक मंडळीत कुणी ना कुणी बोलतंच: “आधी खात्री करून घेऊ.”

ऐकायला किती समजूतदार वाटतं. मलाही वाटलं होतं. (मंडळी कुठली ते विचारू नका, बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात.) एक मुलगी क्वायरच्या प्रॅक्टिसला वरच्या खोलीत जायला नको म्हणायला लागली, आणि एका रविवारी वर्ग सुटल्यावर टीचरची ओढणी धरून म्हणाली, “टीचर, मला वर नका ना पाठवू, ते दार लावतात.” टीचर घाबरून माझ्याकडे, मी पाळकसाहेबांकडे. साहेब माणूस चांगला, ते म्हणाले आधी खात्री करून घेऊ, कुणाच्या तरी अब्रूचा प्रश्न आहे, आणि मी मान हलवली. मग पाळकबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मुलीला घरी बोलावून, खाऊ देऊन विचारलं. मग सेक्रेटरींनी तिच्या वडिलांना विचारलं आणि वडिलांनी तिला, तेही जरा आवाज चढवूनच. मग आजीने. मग कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी, खरं सांग हं, देव बघतोय, असं म्हणून. दर वेळी प्रश्न वेगळा आणि मूल समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देतं हो, त्याला कळतं की कुठलं उत्तर दिलं की ही माणसं शांत होतात. आठवडा संपायच्या आत ती म्हणायला लागली, मला आठवत नाही. ज्यांना खात्री हवी होती त्यांची खात्री झाली की काही घडलंच नव्हतं. आणि ज्याच्याबद्दल ती बोलत होती त्याला पहिल्याच संध्याकाळी सगळं कळलेलं, कारण त्यालाही ‘विश्वासात घेऊन’ विचारलं होतं!

आता कायदा काय म्हणतो ते बघा, आणि हे अगदी सावकाश वाचा. पोक्सो, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, कलम १९. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक गुन्हा झालाय हे ज्याला कळलं, किंवा होईल अशी नुसती भीती ज्याला वाटली, त्याने, म्हणजे कुणीही, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. कलमात खात्री कुठेच मागितलेली नाही. पुरावा नाही मागितला, पालकांची परवानगी नाही, कमिटीचा ठराव तर नाहीच नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत आणि दंड. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा ट्रेझरर म्हणाले, म्हणजे आम्ही पण आत? हो साहेब, तुम्ही पण.

तरी कुणी हसण्यावारी नेलं तर त्यांना नोव्हेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा. प्रकरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळूनही त्याने कळवलं नाही असा आरोप होता, हायकोर्टाने त्याच्यापुरता एफआयआर रद्द केला होता आणि सुप्रीम कोर्टाने तो रद्द करणंच रद्द केलं. त्याने स्वतः काही केलं असा आरोप नव्हता, आरोप गप्प बसल्याचाच होता.

म्हणून तुमचं काम पोस्टमनचं आहे, पत्र फोडून खरं-खोटं ठरवायचं नाही, वेळेत पोचवायचं. मूल बोललं तर ऐका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढंच म्हणा, ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नका कारण ते तुम्हाला मोडावंच लागणार आणि ते त्या मुलाच्या कायमचं लक्षात राहणार. उलटे प्रश्न नकोत. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख, वेळ, खाली सही. माझ्या त्या प्रकरणात शेवटी कामाला आली ती अशीच एक ओळ. आमच्या मंडळीत एक रिटायर्ड नर्सबाई आहेत, मिशन हॉस्पिटलात आयुष्य गेलं त्यांचं, सगळा गोंधळ कानावर गेल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, पोरगी नेमकं काय म्हणाली ते कुठे लिहिलंय का? टीचरने हजेरीपटाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, त्याच दिवशी, ‘ते दार लावतात’ सकट. बाईंनी माझ्यासमोर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

(माझं मत विचाराल तर गुरू असाच शोधा, नर्स, अंगणवाडीताई, शाळेतली जुनी क्लार्क. पाळकांना या कामात गुरू करू नका, कितीही भले असले तरी. त्यांना दोन्ही घरी प्रार्थनेला जायचं असतं.)

१०९८ बद्दल थोडं. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली आणि आपत्कालीन नंबर ११२ शी जोडली गेली. पोलिसांची भीती वाटते ना, वाटणारच, पण पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरने, गणवेशात न येता, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवताच येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. तुम्ही चांगल्या हेतूने कळवलंत आणि पुढे काही सिद्ध नाही झालं तरी तुमच्यावर काही येत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे, पण ती कुणाला छळायला, बदनाम करायला मुद्दाम खोटं सांगणाऱ्याला.

आता आतली लढाई, जी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. तुमच्यासमोर बायबल उघडलं जाईल. मत्तय १८, भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला दाखव, मग दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आणि १ करिंथ ६, विश्वासणाऱ्यांनी आपसातले वाद बाहेरच्या न्यायालयात नेऊ नयेत. यावर वाद घालायचा नाही असं मी ठरवलं होतं पण घातला. मत्तयातला तो भाग दोन बरोबरीच्या भावांचा आहे, मोठा माणूस आणि नऊ वर्षांची पोर यांचा नाही. आणि त्याच मत्तय १८ मध्ये वर सहाव्या वचनात लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट आहे, ती वाचताना मात्र सगळ्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात. समेटाची प्रार्थना म्हणून मुलीला आणि त्या माणसाला एका खोलीत बसवायचा प्रस्ताव आला तर तुम्ही दारात उभ्या राहा, वाईट दिसलं तर दिसू दे.

माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणी कुमसाराचं, म्हणजे फादरसमोर दिलेल्या पापांच्या कबुलीचं, विचारतात. फादर कुमसारातलं बाहेर सांगू शकत नाहीत, तो त्यांचा नियम, पण तुम्ही फादर नाही आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल तुम्हाला जे सांगतं ते कुमसार नाही. शिवाय पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्येच आदेश काढलाय की प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घ्यायची सोय हवी, आणि देशाच्या कायद्याप्रमाणे कळवायचं बंधन त्यामुळे कमी होत नाही हेही त्यात आहे.

आणि प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप! ‘अमुक ताईंच्या मुलीसाठी विशेष प्रार्थना करा, कठीण प्रसंगातून जातेय.’ पाठवणारीच्या मनात पाप नसतं, पण झाली ओळख उघड, आणि पीडित मुलाची ओळख कळेल असं नाव, शाळा, घर, काहीही पसरवायला पोक्सोत बंदी आहे. असा मेसेज दिसला की ॲडमिनला लगेच फोन करा, ग्रुपवर उत्तर देत बसू नका.

पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी स्टाफची पोलीस पडताळणी करायची आहे, तेव्हा करा, ड्रायव्हर आणि बोर्डिंगच्या वॉर्डनसकट करा. पण तो दाखला एवढंच सांगतो की या माणसावर केस नाही. ज्याला जुन्या मंडळीतून गुपचूप बदली करून पाठवलंय त्याच्यावर केस नसणारच ना! दाखल्यापेक्षा जुन्या ठिकाणच्या संडे स्कूलच्या बाईंना एक फोन लावा.

मोठ्या माणसांचा छळ किंवा फसवणूक होत असेल तर ते वेगळं असतं आणि इथे नवीन मुली उलटी चूक करतात, मुलांसारखंच धावत सुटतात. समजा एखाद्या आजी पूर्ण शुद्धीत आहेत, तर त्यांचा निर्णय त्यांचा. आधी त्यांना एकटीला गाठून विचारा, काय करू, कुणाला सांगू. बघायचं काय, तर संजय गांधी निराधारचे पैसे काढून आणणारा तरुण पासबुक स्वतःकडेच ठेवतो का. घर कुणाच्या नावावर करून द्यायची घाई चाललीय का. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलं आणि सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो, त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. अपंग व्यक्तीचा छळ दिसला तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. आणि प्रार्थनेने बरं करायच्या हीलिंग मीटिंगनंतर कुणी मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या असतील तर त्या घरी जाच, औषधाच्या पट्ट्या मोजा, डॉक्टरांकडे परत न्या. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण झाली तर आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मंडळीलाही लागू आहे, तो फक्त बाबा-बुवांसाठी नाही.

यात करिअर करायचंय असं विचारणाऱ्या मुलींना: सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि बिर्याणी असलेल्या एकदिवसीय ट्रेनिंगच्या नादी लागू नका. निर्मला निकेतन, कर्वे, नगरचं सीएसआरडी, जिथे एमएसडब्ल्यूला असाल तिथे फील्डवर्कला बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष मागून घ्या. पोक्सोच्या केसमध्ये मुलासोबत शेवटपर्यंत राहणारी सहायक व्यक्ती नेमतात, तेही काम शिकण्यासारखं आहे, पगार यथातथाच. आणि पहिल्या प्रकरणानंतर मंडळीत काही लोक तुमच्याशी बोलणार नाहीत, महिला मंडळात तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. माझी राहिली. पुढे भरली हो, त्यातल्याच एकीने नंतर तिच्या भाचीसाठी मला रात्री फोन केला.

सध्या तुम्ही नवीन असाल तर डिसेंबरपासून सुरुवात करा. कॅरल राउंडला रात्री मुलं नाताळची गाणी गात घरोघर फिरतात, बारा वाजतात, केक खाऊन झोपाळलेली असतात आणि मग जो दिसेल त्याच्या बाइकवर बसून घरी जातात. कुणाला कोण सोडणार याची यादी आधीच करा, पालकांच्या नंबरसकट, आणि निघताना सेक्रेटरींच्या खिशात एक, तुमच्याकडे एक. गेल्या वर्षी यूथवाले वैतागले होते, म्हणाले ताई एवढं काय, सगळे आपलेच आहेत. यादी तरी केलीच त्यांनी.