साडेपाच अधिक चार म्हणजे पाच पॉइंट चोपन्न

काका गावातलं दूध संकलन केंद्र बघतात. बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हिशेबासाठी एक साधं वेब पान करून दिलं. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, दर, आणि खाली ‘हिशेब करा’ हे बटण. चार दिवसांनी वरच्या आळीतल्या आक्का चिठ्ठी घेऊन दारात.

“आरं, सकाळी साडेपाच घातलं, सांजचं चार. मग ह्यात पाच पॉइंट चोपन्न कुठनं आलं?”

मला वाटलं, काकांनी आकडा चुकीचा टाकला. मी तेच आकडे पुन्हा भरले. उत्तर तेच.

हे पान जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेब पानं चालवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत केलं होतं. ती नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ही चिठ्ठी सांगतो. फॉर्मच्या बॉक्सची ‘व्हॅल्यू’ वाचली की हातात पडतो तो मजकूर, म्हणजे स्ट्रिंग. बॉक्सचा टाइप ‘नंबर’ ठेवला तरीही. त्याने मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, भलतीसलती अक्षरं अडतात, पण व्हॅल्यू स्ट्रिंगच राहते. आणि अधिकचं चिन्ह दोन स्ट्रिंग दिसल्या की बेरीज करत नाही, एकीला दुसरी चिकटवतं. ‘५.५’ला ‘४’ चिकटला, झाले ‘५.५४’.

बारा आणि आठ असते तर १२८ लिटर दिसले असते आणि काका त्याच संध्याकाळी ओरडले असते. ५.५४ मात्र अगदी सभ्य दिसतं. त्यात गुणाकाराचं चिन्ह स्ट्रिंगचा गुपचूप आकडा करून घेतं, त्यामुळे दराशी गुणून रुपयेही व्यवस्थित आले. दर ३५ रुपये. आक्कांचे व्हायला हवे होते ३३२ रुपये ५० पैसे, झाले १९३ रुपये ९० पैसे. मी चाचणी घेतली होती फक्त एका वेळच्या दुधावर. बेरीज तपासलीच नव्हती.

दुरुस्तीच्या घाईत मी दुसरी चूक केली. कुठेतरी वाचलेलं ‘पार्सइंट’ हे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लावलं. ते पूर्णांक काढतं, दशांश चिन्हापुढचं सोडून देतं. साडेपाचचे पाच झाले. म्हणजे आता प्रत्येकाचं अर्धा-पाऊण लिटर जाणार होतं! हे सुदैवाने चिठ्ठी छापायच्या आत दिसलं. मग ‘नंबर’ हे फंक्शन वापरलं. ते कडक आहे: आकड्याबरोबर ‘लि.’ असं काही लिहिलेलं असेल तर सरळ ‘नॅन’ देतं, म्हणजे ‘हा आकडा नाही’. पार्सइंट असल्या ठिकाणी सुरुवातीचा आकडा उचलून पुढचं गिळून टाकतं. स्वल्पविराम घातलेले ‘१,२५,०००’ त्याला दिले तर उत्तर एक. पैशांच्या हिशेबात मला कडकच बरं वाटतं.

पण नंबरचीही एक खोड आहे. रिकाम्या बॉक्सचा तो शून्य करतो. संध्याकाळी दूध आलं नाही तर शून्य ठीक, पण दर भरायचा राहिला तर बिलही शून्य आणि तक्रार कुठेच नाही. म्हणून आधी ‘ट्रिम’ लावून कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या, बॉक्स रिकामा आहे का बघायचं, आणि मगच आकडा करायचा.

यानंतर काकांचा फोन. “रुपयांच्या जागी एन-ए-एन आलंय. हे किती?” त्यांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता आणि मी बॉक्सचा टाइप टेक्स्ट ठेवला होता. त्यांनी साडेपाच देवनागरीत लिहिले होते, जसे मी इथे लिहितोय. जावास्क्रिप्टला आकडे म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात, रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या खुणांमधला) ‘अंक’ या अर्थाचा बॅकस्लॅश डीसुद्धा तेवढेच ओळखतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढचे नऊ ओळीने, म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. पाचेक ओळींचं काम. मराठी माणसांसाठी फॉर्म करत असाल तर ते करूनच टाका. काकांना कीबोर्ड बदलायला सांगणं हा उपाय नव्हे. आणि नॅन झालंय का हे बरोबरच्या चिन्हाने तपासू नका, कारण नॅन स्वतःच्याही बरोबर नसतं. त्यासाठी ‘इजनॅन’ आहे.

सभासद क्रमांक, मोबाइल नंबर, पिनकोड यांचा आकडा करूच नका. त्यांची बेरीज कोण करतंय? ‘००७’चा आकडा केला की सात उरतो.

व्हॅल्यू कधी वाचायची यातही मी कॉलेजात एक दुपार घालवली आहे. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत वाचली होती, तेव्हा बॉक्समध्ये काहीच नव्हतं, आणि व्हेरिएबलमध्ये, म्हणजे व्हॅल्यू साठवायच्या जागेत, ते रिकामपण कायमचं बसलं. फॉर्म पाठवला जातो त्या क्षणी, फंक्शनच्या आत वाचायची. पुढची गंमत म्हणजे बटण दाबलं की उत्तर लुकलुकून गायब. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट धरलं जातं आणि पान नव्याने उघडतं. मी बटणाचा टाइप ‘बटन’ करून पळवाट काढली, तर एंटर दाबून काही होईना, आणि काकांना एंटरचीच सवय. शेवटी फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर फंक्शन बसवलं आणि त्यात पहिली ओळ ‘प्रिव्हेंटडीफॉल्ट’, म्हणजे पान नव्याने उघडणं थांबतं.

उत्तर पानावर दाखवताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरा, ते सगळं नुसता मजकूर म्हणून दाखवतं. ‘इनरएचटीएमएल’मध्ये कोणी भरलेला मजकूर तसाच ओतला तर त्यातला कोडही चालू शकतो.

आक्कांचे १३८ रुपये ६० पैसे काकांनी पुढच्या बिलात चढवले. चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. नवा फॉर्म केला की आधी सगळे बॉक्स रिकामे ठेवून बटण दाबतो, मग देवनागरी अंक, आणि मग साडेपाच आणि चार.