शाळेतली दंत-पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेताना या चुका टाळा

डेंटल हायजिनिस्टच्या (दातांची स्वच्छता आणि काळजी शिकवणाऱ्या सहायकाच्या) पदविकेचे विद्यार्थी प्रकल्पासाठी शाळेत जातात, तेव्हा कार्यक्रम बहुधा आधीच ठरलेला असतो: तपासणी, ब्रशचं प्रात्यक्षिक, पेस्टच्या छोट्या ट्यूबा, फोटो. आकडे त्यानंतर गोळा होतात, म्हणून त्यांनी काही बदलत नाही. नोंदींच्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यासमोर विद्यार्थ्याला एक वाक्य लिहायला लावा: हा आकडा जास्त आला तर आपण काय वेगळं करू? उत्तर सुचत नसेल तर रकाना खोडा.

तंबाखू विचारली, मिश्री राहिली

ग्रामीण भागात मुलांच्या आयांना ‘तंबाखू वापरता का?’ विचारलं की ‘नाही’ येतं. त्या खोटं बोलत नसतात. मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणं त्यांच्या लेखी दात घासणंच असतं. तंबाखू म्हणजे मळून खातात ती. पुढे ‘दिवसातून किती वेळा दात घासता?’ला ‘तीनदा’ असं उत्तर येतं आणि विद्यार्थी उत्तम सवय म्हणून टिक करतो. एकाच बाईबद्दल दोन चुकीच्या नोंदी. दात कशाने घासता हे आधी विचारा, किती वेळा ते नंतर. मिश्री, तपकीर, मावा, गुटखा, विडी अशी नावं घ्या. नमुन्यात नसलेल्या दहा-बारा जणींवर प्रश्नावली आधी तपासून पाहिली की असे घोटाळे तिथेच कळतात.

दात मोजताना

दाताचा दोन अंकी क्रमांक (पहिला अंक जबड्याचा भाग, दुसरा त्यातला दात) जोडून उच्चारू देऊ नका. गोंगाटाच्या वर्गात ‘पंचेचाळीस’ आणि ‘पंचावन्न’ यांत लिहिणारा हमखास गोंधळतो. ४५ ही कायमची उपदाढ, ५५ ही दुधाची दाढ. एका चुकीने कीड दुधाच्या दातांच्या हिशेबातून कायमच्या दातांत जाते. ‘चार-पाच’, ‘पाच-पाच’ असंच म्हणायचं. लिहिणारा तपासणाऱ्याच्या शेजारी बसावा आणि ऐकलेला अंक परत म्हणावा.

सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कुठलाही दुधाचा दात न पडता मागून येते, म्हणून पालकांइतकेच पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही तिला दुधाची समजतात. उलट नऊ वर्षांच्या मुलाचा आपोआप पडलेला सुळा ‘किडीने गेलेला’ म्हणून नोंदला जातो. फिशरमधला (दाढेवरच्या खाचेतला) नुसता काळा डाग म्हणजे कीड नव्हे. पोकळी, पोखरलेलं एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) किंवा मऊ पडलेली भिंत दिसली तरच नोंद. टोकदार एक्स्प्लोरर (दात टोचून पाहण्याचा आकडा) घरीच ठेवा. ०.५ मिमी गोळीच्या टोकाचा प्रोब (तपासणीची बारीक सळई) वापरा. एक्स्प्लोरर दाबल्याने सुरुवातीच्या किडीचा पृष्ठभाग फुटू शकतो.

सरासरीतली चूक सर्वांत नेहमीची. ४० मुलं, किडलेले-गेलेले-भरलेले मिळून ३६ दात, त्यांत १८ मुलांचा आकडा शून्य. विद्यार्थी ३६ला २२ने भागतो आणि १.६ लिहितो. बरोबर उत्तर ०.९. शून्यवाली मुलंही मुलंच आहेत.

‘आमचं ९३ टक्के जुळलं’

दोन तपासनीस एकमेकांशी किती जुळतात हे टक्क्यांत मोजलं की फसगत होते. तोंडातल्या २८ दातांपैकी २६ निरोगी असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘निरोगी’ म्हणणाराही ९३ टक्के जुळतो. कप्पा (kappa, योगायोगाने जुळणारं वजा करून मोजलेली सहमती) काढा, त्या डोळे मिटलेल्याचा कप्पा शून्य येतो. ०.८च्या वर असेल तर पाहणीला निघा, ०.६च्या खाली असेल तर पुन्हा बसवून शिकवा. प्रत्यक्ष पाहणीतही ५ ते १० टक्के मुलं दुसऱ्यांदा तपासा. कोणती, ते तपासणाऱ्याला आधी कळता कामा नये.

नमुना आणि परवानगी

किडीचं प्रमाण माहीत नसताना ५ टक्के चूक धरली तर सूत्राने ३८४ मुलं येतात. पण शाळाच्या शाळा निवडल्यावर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा सहसा दुप्पट करतात: ७६८. चार विद्यार्थ्यांच्या गटाला हे झेपत नाही. मग एकाच शाळेतली पाचवी ते सातवी सगळी तपासा आणि शीर्षकात तालुक्याचं नाव घालू नका.

मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार लागतो, त्यापुढे १८पर्यंत लेखी.

आराखडा

‘जनजागृती करणे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘सहावीच्या वर्गाचा डेब्रिस निर्देशांक (दातांवर साचलेल्या मऊ घाणीचा आकडा) सहा महिन्यांत १.९ वरून १.३ वर आणणे’ हे येतं. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोरोसिस (जादा फ्लोराइडने दात-हाडं बिघडणं) असलेल्या गावांत फ्लोराइडचा कुठलाही कार्यक्रम सुचवण्याआधी पाण्याचा अहवाल मागवा, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी पाण्याचाच विचार.

कार्यक्रमानंतरच्या तपासणीची दुसरी फेरी पहिलीच्याच वेळेला करा. पहिली सकाळी दहाला आणि दुसरी मध्यान्ह भोजनाच्या खिचडीनंतर केली तर कार्यक्रमाने दात बिघडले असा निष्कर्ष निघेल. तारीख मुलांना सांगू नका, वर्गशिक्षकांनाही आदल्या दिवशीच कळवा; नाहीतर त्या एका सकाळी अख्खा वर्ग दात चकचकीत घासून येतो.