बाटलीच्या झाकणात टायट्रेशन

वर्गात साठ मुलं आणि ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या काचेच्या नळ्या, चारच. मग चौघं ब्युरेटची तोटी फिरवतात, बाकीची खांद्यावरून डोकावत आकडे उतरवून घेतात. परळच्या एका चाळीत मी रविवारी अकरावीच्या मुलांचा वर्ग घ्यायला लागले, तेव्हा माझ्याकडे एकही ब्युरेट नव्हती. तरी प्रत्येकाच्या हातून टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून रंग बदलेपर्यंत किती लागलं त्यावरून प्रमाण काढणं, व्हायला हवं, हा माझा हट्ट होता. तो पुरा झाला पाण्याच्या बाटलीच्या झाकणात.

सामान असं : पांढरी झाकणं, दोन मिलिलिटरच्या बिनसुईच्या सिरिंजा, टूथपिक, पांढरं व्हिनेगर, कॉस्टिक सोडा, ऑक्झॅलिक ॲसिड आणि फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे सोडा जास्त झाला की गुलाबी होणारं द्रावण. सिरिंजा औषधाच्या दुकानात मिळतात. रसायनांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटला चक्कर मारा. मरीन लाइन्सहून चालत जाता येतं. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून वरचं पिवळं पाणी घ्या. सोडा जास्त झाला की ते लालसर होतं. रंग फिनॉल्फ्थॅलिनइतका लख्ख बदलत नाही, पण काम भागतं.

द्रावणं शिक्षकानेच करावीत, चष्मा आणि हातमोजे घालून. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. ०.४ ग्रॅम सोडा थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर करा. हे झालं ०.१ मोलार (मोलार म्हणजे लिटरमागे किती मोल, हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). बाटली प्लास्टिकची घ्या. ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे ०.६३ ग्रॅम घेऊन तसंच १०० मिलिलिटर करा. हे विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका. व्हिनेगर मात्र दहापट पातळ करायचं : १० मिलिलिटर व्हिनेगर, पाणी घालून १००.

आता थेंब. सगळं यश यावर आहे, म्हणून इथे घाई नको. सिरिंज अगदी उभी धरा, दट्ट्या हलकेच दाबा आणि एक मिलिलिटरमध्ये किती थेंब पडतात ते मोजा. साधारण वीसच्या आसपास येतील. मग तीच सिरिंज तिरकी धरून मोजा; आकडा बदलतो, कारण थेंब वेगळ्या जागी लोंबतो आणि लहानमोठा होतो. मुलांना हे सांगू नका, त्यांनाच सापडू द्या. दोन्ही द्रावणांना एकाच जातीच्या सिरिंजा हव्यात, म्हणजे थेंबाला थेंब तोलता येतो.

आधी सोड्याची परीक्षा. झाकणात ऑक्झॅलिक ॲसिडचे २० थेंब, फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब. मग सोडा थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबानंतर टूथपिकने ढवळत. थेंब पडला की गुलाबी ढग उमटतो आणि विरतो. शेवटाकडे तो विरायला वेळ घेतो. ज्या थेंबाने फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला, तिथे थांबायचं. सोडा चोख असेल तर तोही २० थेंबच लागतो. आमच्या मुलांना पहिल्या जुलैत २२ लागले. पावसाळी हवेत सोड्याच्या पापड्या बघता बघता ओल्या होतात, म्हणजे आपण सोड्यासोबत पाणीही तोलतो. शिवाय हवेतला कार्बन डायॉक्साइडही त्यात मुरतो. २२ लागले तर सोडा ०.१ × २० ÷ २२, म्हणजे ०.०९१ मोलार. मुंबईच्या हवेने चालवलेला हा धडा मी आता मुद्दाम पावसाळ्यात घेते.

मग ऑक्झॅलिकच्या जागी पातळ केलेलं व्हिनेगर, २० थेंब. सोडा ०.१ मोलार असेल तर हिशेब सोपा : लागलेले थेंब गुणिले ०.३, की आलं मूळ व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचं शेकडा प्रमाण. १३ थेंब म्हणजे ३.९ टक्के. बाटलीवरच्या लेबलाशी ताडून पाहा. एका थेंबाने ०.३ चा फरक पडतो, म्हणून प्रत्येकाने तीनदा करावं आणि फळ्यावर सगळ्या वर्गाची सरासरी काढावी. एका मुलाला एवढ्या सगळ्याला पाच-सहा मिलिलिटर सोडा पुरतो.

दिल्ली विद्यापीठात प्रा. कृष्णा साने यांनी १९८०च्या दशकात पीएच मीटर (आम्लता मोजणारं), कंडक्टिव्हिटी मीटर (विद्युतवाहकता मोजणारं) अशी उपकरणं स्वस्तात बनवायचा ध्यास घेतला होता. त्या वाटेवरचं पहिलं पाऊल म्हणून विद्युतवाहकता दाखवणारा दिवा करून बघा. ९ व्होल्टची बॅटरी, एक किलो-ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, सगळं एका रांगेत जोडा. एलईडी आणि रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर वडापावच्या पैशात येतात. पेन्सिलींची टोकं सेंटीमीटरभर अंतरावर धरून पाण्यात बुडवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवा लागत नाही, नळाच्या पाण्यात मिणमिणतो, दादर चौपाटीवरून आणलेल्या पाण्यात झगझगीत पेटतो. खाऱ्या पाण्यातून थोडा क्लोरीन सुटतो, म्हणून दोन-तीन सेकंदांत टोकं बाहेर काढा.

तास संपला की झाकणांतलं द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. झाकणं दोनदा साध्या आणि एकदा डिस्टिल्ड वॉटरने विसळून कागदावर पालथी घाला.