मेणवलीत चारचाकी शिकताना: मैदान, गल्ली, घाट आणि नदीचा उतार

वाईपासून जेमतेम ३ किलोमीटरवर, कृष्णेकाठी वसलेलं मेणवली हे नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव. गावातले रस्ते मोटारीसाठी आखलेले नाहीत. बैलगाडी आणि घोडा जाईल एवढीच त्यांची रुंदी, दोन्ही बाजूंना दगडी जोती, आणि वाट शेवटी उतरते ती नदीकडे. म्हणून इथे गाडी शिकणाऱ्याने वेगाच्या आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: अर्धा क्लच आणि डाव्या चाकाचा अंदाज.

आधी कागद. गिअरच्या चारचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्सचा अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. ते ६ महिने चालतं, आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ आली तर गाडी थांबवू शकेल. "गावातच तर फिरवायचीय" म्हणून एकट्याने चावी घेऊ नका. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं आणि खेळणारी पोरं गावातच असतात.

पहिला आठवडा मैदानात

सुगी संपल्यावरचं मोकळं खळं किंवा सपाट पटांगण निवडा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. स्टिअरिंगवर हात घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे ठेवा.

पहिले दोन दिवस अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू नका. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, ब्रेक सोडा आणि क्लच हळूहळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा, हाच अर्धा क्लच. सपाट जागेवर पेट्रोलची गाडी एवढ्यावरच सरकू लागते. असं दिवसातून ५० वेळा करा. गाडी हिसका मारून बंद पडते, कारण त्या जागेच्या पुढे पाय झटक्याने सुटतो. आणि जळका वास आला तर पाय त्या जागी फार वेळ अडकून राहिला असं समजा. इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा.

मग फक्कीने २५ मीटरची सरळ रेघ मारा आणि डावं पुढचं चाक तिच्यावरून न्या. सोबत्याला बाहेर उभं करून चाक कुठे आहे ते विचारत राहा. रेघ काचेच्या खालच्या कडेला जिथे भेटलेली दिसते, तिथे एक छोटी टिकली चिकटवा. पुढे गल्लीत हीच टिकली उपयोगी पडते. फक्त एक लक्षात ठेवा: सीट पुढेमागे केली की टिकलीची जागा बदलते.

गल्लीत शिरण्याआधी

गाडीची रुंदी आरशांसकट दोरीने मोजा, त्यात दोन्ही बाजूंची एकेक वीत मिळवा आणि तीच दोरी घेऊन गल्ली चालून या. जिथे दोरी अडते तिथे गाडी अडणारच.

वळणावर नवशिक्याचं मागचं दार घासतं, पुढचं सहसा नाही. कारण मागचं चाक पुढच्याच्या आतून, कोपरा कापत जातं. तेव्हा वळायच्या कोपऱ्यापासून जमेल तेवढं लांब राहून पुढे जा, कोपरा आपल्या खांद्याच्या रेषेत आला की मगच स्टिअरिंग फिरवा. रिव्हर्समध्ये उलट घडतं: गाडीचं नाक बाहेर फेकलं जातं. मागे बघताना समोरचा ओटा विसरू नका. शंका आली तर थांबा, उतरा, बघा. जुन्या जोत्याचा घडीव दगड एकदा निखळला की तसाच परत बसत नाही.

गटारावर टाकलेल्या शहाबादी फरश्या माणसांच्या पायासाठी असतात. त्यांच्यावर चाक घालू नका. फरशी मोडली की चाक गटारात जातं आणि गाडी पोटावर बसते. समोरून गाडी आली तर तिला साईड द्यायला फरशीवर चढण्यापेक्षा मागे येऊन मोकळ्या जागी थांबलेलं बरं.

नदीचा उतार

घाटाच्या पायऱ्यांकडे गाडी नेऊच नका. मेणेश्वराच्या देवळाजवळ वसईहून आणलेली घंटा बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, कधी शूटिंगच्या गाड्याही उभ्या असतात. गाडी वर, सपाट जागी लावून चालत जा.

उतारावर उभी करावीच लागली तर हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा (तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स), चाकाला दगड लावा, आणि पुढची चाकं अशी वळवा की गाडी घरंगळलीच तर भिंतीला टेकेल, पाण्याकडे जाणार नाही.

चढावर सुटण्याचा सराव आधी माणसं नसलेल्या सौम्य चढावर करा. मागे एक हात अंतरावर रिकामं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच त्या जड आवाजाच्या जागेपर्यंत, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि गाडी पुढे ओढू लागल्यावरच हँडब्रेक खाली. दहापैकी दहा वेळा खोकं शाबूत राहीपर्यंत वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाचं नाव काढू नका.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि नेमका खालच्या वळणावर लागत नाही. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नका.

पावसाळा आणि उसाचे दिवस

धोम धरणातून पाणी सोडलं की नदी चढते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, मग ते कितीही उथळ दिसो. गढूळ पाण्यात पुलाची कड दिसत नाही, आणि साधारण फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान मोटार उचलू शकतं. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळावर जोरात ब्रेक मारू नका, चाकं घसरतात. ओल्यातून बाहेर आलात की हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून सुकवा.

गाळप सुरू झालं की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. चढावर भरलेल्या ट्रॉलीच्या मागे किमान २५ मीटर अंतर ठेवा. ती मागे सरू शकते, मोळ्याही सुटतात. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर ओलांडूनही समोरचा रस्ता मोकळा दिसला पाहिजे, नाहीतर मागेच राहा.

रात्री बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला असतो. डिपरच्या उजेडात साधारण ४० मीटर दिसतं. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे २५ ते ३० मीटर लागतात, ६० च्या वेगात ४५ च्या पुढे. त्यामुळे धोमच्या बाजूला अंधारात ४० चा काटा ओलांडू नका, आणि सांडलेल्या पाचटावर किंवा ट्रॅक्टरने आणलेल्या चिखलावर त्याहून कमी ठेवा.