नाशिक फिरा, पण रिक्षा ‘स्पेशल’ करू नका

नाशिकरोड स्टेशनवर उतरलात की ‘पंचवटी, त्र्यंबक, दिवसभर फिरवतो’ म्हणत रिक्षावाले गाठतातच. हसून पुढे चला. स्टेशनबाहेरून निमाणीची सिटीलिंक बस पकडा. २०२१ पासून महापालिकेच्या या बस धावताहेत आणि निमाणी म्हणजे पंचवटीच. तिथून पुढे वाहन लागतच नाही.

रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा हे सगळं पायीच फिरता येतं. कपालेश्वरासमोर नंदी नाही, हे बघून घ्या. काळारामाच्या दारात दोन मिनिटं जास्त थांबा. १९३० चा मंदिरप्रवेश सत्याग्रह इथलाच. सकाळी लवकर गेलात तर घाटावर निवांत बसता येतं, सुट्टीच्या दिवशी दहानंतर नुसती रेटारेटी.

पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहेत. बसमध्ये चढतानाच ‘पांडवलेणीला थांबणार ना?’ असं कंडक्टरला विचारा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे दुपारचं ऊन टाळा आणि पाण्याची बाटली खालूनच भरून न्या. पायथ्याशीच फाळके स्मारक.

त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटर. जुन्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी मिळते, सिटीलिंकही जाते. पण बरोबर महिला किंवा ज्येष्ठ असतील तर लालपरीच बरी: महिलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आधार कार्ड मात्र खिशात हवं, मोबाइलमधल्या फोटोवरून कंडक्टरशी वाद घालण्यात मजा नाही. सुटे पैसेही ठेवा.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. मिसळ नंतर.