‘झालं का काम?’ हे फोन कमी करायचे असतील तर

सांगलीत गणपती पेठेत काय, मारुती रोडला काय, मिक्सर-पंखे-शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा बराच वेळ एकाच प्रश्नात जातो: "झालं का?" यावर फुकटातला उपाय म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस, धंद्यासाठीचं व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप.

१. वस्तू घेतानाच गिऱ्हाइकासमोर फोटो काढा. चिकटपट्टीवर पावती नंबर लिहून वस्तूला लावा, तो फोटोत दिसला पाहिजे. भांड्याच्या झाकणाला आधीच चीर असेल, वायर जळकी असेल तर तीही जवळून टिपा आणि फोटो तिथल्या तिथे पाठवा. "हे तुमच्याकडेच फुटलं" हा वाद मिटतो. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा हाच.

२. चॅटला लेबल लावा: ‘पार्ट यायचाय’, ‘तयार’, ‘पैसे बाकी’. शटर ओढण्याआधी एकदा लेबलं बघितली की कोणाला कळवायचं राहिलंय ते समजतं.

३. क्विक रिप्लायमध्ये मेसेज साठवा: "तुमची वस्तू तयार आहे. रक्कम रु. __. येताना पावती आणा." चॅटमध्ये ‘/’ टाकलं की तो समोर येतो, रक्कम तेवढी भरायची.

खर्च सांगितल्यापेक्षा वाढणार असेल तर मात्र मेसेजवर भागवू नका, फोनच करा. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

एक जपा: सणाच्या शुभेच्छा आणि जाहिराती याच नंबरवरून सगळ्यांना धाडू नका. वैतागून लोक ब्लॉक करतात, मग ‘तयार’चा मेसेजही पोचत नाही.